मासळीचा वाटा आणि प्रवासाचा विमा

मनोरीच्या पास्कू परेराच्या विम्याची गोष्ट आमच्या बोरीवलीत तीन प्रकारे सांगितली जाते, आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. पहिला प्रकार पास्कूचा मुलगा नेल्सन सांगतो: त्याने विमा कंपनीला असे खरमरीत ई-मेल पाठवले की कंपनी घाबरली. दुसरा प्रकार आमच्या सोसायटीतल्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा: दळवींनी कागदावर शब्दांची अशी काही करामत केली की बुडालेला दावा वर आला. तिसरा प्रकार खुद्द कंपनीचा, आणि तो सर्वांत कमी खरा: आम्ही माणुसकीच्या नात्याने विचार केला. ज्या गृहस्थाने ती पॉलिसी निवडली आणि ज्या खोलीत निकाल लागला त्या खोलीत जो शेवटपर्यंत बसला होता, त्याला मात्र कोणी विचारले नाही. तो गृहस्थ मी, दळवी. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले काहीतरी लिहा" असे म्हटले, तेव्हा मी एका पायावर तयार झालो, ते याच कारणासाठी.

आधी धंद्याविषयी दोन शब्द. मी एका विमा कार्यालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बोरीवलीतच एजंट म्हणून बसलो. उपनगरातली कुटुंबे परदेशी सहलीला जाऊ लागली तशी माझ्याकडे प्रवासाच्या विम्याची रीघ लागली. हा विमा समजायला अवघड नाही. परक्या देशात आजारी पडलात, अपघात झाला, सामान हरवले, विमान चुकले किंवा सहलच रद्द करावी लागली, तर खर्च कंपनी करते. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, कंपनी काय देणार हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असते आणि काय देणार नाही हे शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. म्हणून मी पॉलिसी नेहमी मागून वाचत आलो. तरुण एजंट मला हसत. हसोत.

गिऱ्हाईक मात्र तिसरेच काही वाचते: प्रीमियमचा आकडा. घाटकोपरच्या एका कापड व्यापाऱ्याने मला विचारले होते, "दळवीभाई, ट्रिप दहा दिवसांची, पण पहिला आणि शेवटचा दिवस तर विमानातच जाणार. आठ दिवसांचाच विमा काढा ना." मी म्हणालो, "शेठ, बॅगा विमानातच हरवतात." मुलुंडच्या एका शिक्षिकेने फार गंभीरपणे विचारले होते की नणंद बरोबर येणार असल्यास सहल रद्द करण्याची भरपाई मिळते काय. मिळत नाही, असे मी तितक्याच गंभीरपणे सांगितले.

निवड करण्याची माझी स्वतःची एक रीत होती आणि तिच्याबद्दल मला आजही अभिमान आहे. फॉर्म भरण्यापूर्वी मी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारीत असे: "तिथे गेल्यावर काय केल्यावाचून तुम्हाला राहवणार नाही?" कुठे जाणार, कोणत्या हॉटेलात उतरणार, हे तिकिटावर असतेच. माणूस तिथे काय करील, हे तिकिटावर नसते. कांदिवलीच्या एका हिशेबनीस गृहस्थांनी, ज्यांचा आवाज त्यांच्या बायकोनेही कधी चढलेला ऐकला नव्हता, या प्रश्नाला शांतपणे उत्तर दिले, "विमानातून छत्री घेऊन उडी मारायची आहे." वहिनींच्या हातातली बशी खाली पडली. मी साहसी खेळांचा समावेश असलेली पॉलिसी काढली. त्यांनी उडी मारली, सुखरूप उतरले आणि मला फोटो पाठवला. फोटोत ते ओरडत होते.

आता पास्कू.

पास्कू परेरा मनोरीचा मच्छीमार. नोकरीत असताना त्याच्या होडीचा विमा माझ्याकडे होता, तेव्हापासूनची ओळख. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने होडी विकली. बायको रोझीबाई, मुलगा नेल्सन आणि सून शेरॉन असे चौघांचे घर. नेल्सन मालाडला संगणकाच्या कंपनीत. त्याने आईवडिलांना पोर्तुगालला नेण्याचे ठरवले: आधी फातिमाच्या तीर्थाला, मग चार दिवस समुद्रकाठच्या एका लहान गावी. पास्कूने तोवर विमान फक्त खालून पाहिले होते. व्हिसासाठी विमा सक्तीचा, म्हणून रोझीबाईंनी मला बोलावले. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडून मी मनोरीला गेलो.

घरात लग्नघर वाटावे अशी गडबड होती. पलंगावर चार नव्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. शेरॉन प्रत्येकीचे वजन करीत होती आणि रोझीबाई सुक्या जवळ्याची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळून कपड्यांच्या घडीत लपवीत होत्या.

"रोझीबाई, ही चटणी विमानतळावर काढून घेतील. त्याची भरपाई कोणतीच कंपनी देत नाही."

"घेऊ द्या की दळवीभाऊ. खातील तर बिचारे. तिथं काय मिळतंय त्यांना चवीचं?"

नेल्सनने फोन माझ्यापुढे धरला. "अंकल, मी एक पॉलिसी आधीच शॉर्टलिस्ट केलीय. प्रीमियम कमी, बॅगेज कव्हर डबल. फक्त टिक मारायचंय."

"शेवटची पाने वाचलीस?"

"ते कोण वाचतं, अंकल?"

"मी," असे म्हणून मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

पास्कूच्या रक्तदाबाची नोंद आधी नीट करून घेतली. मग माझा प्रश्न विचारला. शेरॉन म्हणाली, फोटो काढल्यावाचून राहवणार नाही. रोझीबाई म्हणाल्या, तिथल्या मासळीबाजारात जाऊन कल्ले उघडून बघितल्यावाचून. नेल्सन म्हणाला, झोपल्यावाचून. पास्कू एका बॅगेचा पट्टा ओढून बघत होता.

"बोल की रे," मी म्हणालो.

"मी काय करणार? म्हातारा माणूस. चर्चात बसेन, दर्या बघेन."

रोझीबाई फिसकन हसल्या. "बघेल? हा? दळवीभाऊ, परवा पलीकडच्या वाड्यातली होडी दोरीनं वर ओढत होते, तर हा ताटावरून उठून पळाला. गुडघे कुठं गेले तवा, विचारा."

पास्कूने मान खाली घातली. "कुणी दोरी ओढत असंल तर मला नुसतं उभं राहता येत नाय, दळवी. हात आपोआप जातो."

माझ्या दृष्टीने पॉलिसी त्या क्षणी ठरली. नेल्सनच्या फोनवरल्या पॉलिसीच्या अखेरीस एक कलम होते: प्रवासात केलेल्या कोणत्याही अंगमेहनतीच्या कामातून झालेली दुखापत धरली जाणार नाही, काम हौसेचे असले तरी. मी नेलेल्या दुसऱ्या पॉलिसीत तेच कलम सौम्य होते: मोबदला घेऊन केलेल्या कामातून झालेली दुखापत धरली जाणार नाही. म्हणजे पास्कूने हौसेने दोरी ओढली आणि त्याला काही झाले, तर पहिली पॉलिसी हात झटकणार आणि दुसरी उभी राहणार.

नेल्सनला हे हास्यास्पद वाटले. "अंकल, डॅडी हॉलिडेला चाललेत, नोकरीला नाही. आणि तुमच्यात बॅगेज कव्हर अर्धं आहे. माझा कॅमेरा?"

"कॅमेरा दुसरा मिळेल."

"पण डॅडी तिथे कशाला दोरी ओढतील, यार?"

"गप रे," रोझीबाई म्हणाल्या. "बापाला माझ्यापेक्षा तू जास्त ओळखतोस? दळवीभाऊ, तुमचीच काढा."

मी अर्जासोबत स्वतःच्या अक्षरात एक टिपण जोडले: प्रवासी जन्माने मच्छीमार आहे; समुद्रकिनारी हौसेने हातभार लावण्याचा संभव आहे. नेल्सन आज सांगतो की ती पॉलिसी त्यानेच निवडली. ते टिपण कंपनीच्या दप्तरात आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने पाहावे.

मंडळी गेली. फातिमाहून रोझीबाईंचा फोन आला, आनंदाने आवाज फुटत होता. पास्कूने फक्त विचारले, "दळवी, हितला पाव खाल्लास का कधी?" जणू मी दर रविवारी तिथे जातो. मग एका दुपारी, मी जेवून उठतो आहे तोच, नेल्सनचा फोन.

"अंकल, डॅडींचा हात गेला!"

"गेला म्हणजे?"

"मनगट तुटलंय. ऑपरेशन करणार म्हणतात. बीचवर जाळं ओढत होते."

मला आधी काय वाटले ते प्रामाणिकपणे लिहितो: मला वाटले, मी बरोबर होतो. काळजी त्याच्या पाठोपाठ आली, पण पाठोपाठच आली.

त्या किनाऱ्यावर घडले ते असे. आमच्या कोकणात जिला रापण म्हणतात, तीच पद्धत त्या गावात अजून चालू आहे: होडी अर्धवर्तुळात जाळे टाकून येते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात. पास्कूच्या लहानपणी मनोरीतही असे जाळे ओढत. पोर्तुगालच्या त्या गावात आता दोऱ्या ट्रॅक्टर ओढतो. पण जाळ्याची पिशवी काठाजवळ आली की माणसांचे हात लागतातच. पास्कू पायांतली पादत्राणे काढून पाण्यात शिरला. कोणाची भाषा त्याला येत नव्हती, पण दोरी कशी धरायची हे त्याने कोणाला विचारले नाही. शेरॉनने काढलेल्या फोटोत तो मधोमध उभा आहे आणि शेजारचा मिशाळ गृहस्थ त्याला काहीतरी ओरडून सांगतो आहे. पुढच्या लाटेने पिशवी वळली, पास्कू तिच्याखाली सापडला आणि उजवे मनगट मोडले. त्याला बाहेर काढून वाळूत बसवले, रुग्णवाहिका बोलावली, आणि ती येईपर्यंत मासळीचे वाटे झाले. त्यातला एक वाटा, टोपलीभर, त्या लोकांनी आणून पास्कूच्या पायांशी ठेवला.

इथे नेल्सनने ती चूक केली, जी तो आपल्या आवृत्तीत सांगत नाही. इस्पितळातल्या परिचारिकेने विचारले, हे कसे झाले. वातावरण हलके करावे म्हणून हा इंग्रजीत म्हणाला, "मच्छीमारांबरोबर काम करत होते. मासे देऊन पगारसुद्धा दिला त्यांना." परिचारिका हसली आणि तिने ते जसेच्या तसे नोंदवहीत उतरवले.

ती नोंद कंपनीकडे पोहोचली आणि कंपनीचे पत्र आले: दुखापत झाली तेव्हा विमाधारक काम करीत होता आणि त्याबद्दल त्याला मासळीच्या रूपाने मोबदला मिळाला. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे. ज्या कलमासाठी मी ती पॉलिसी निवडली, त्याच कलमावर कंपनीने बोट ठेवले. नेल्सन आणि शेरॉनने स्वतःच्या घरासाठी साठवलेले पैसे इस्पितळात भरले होते. ते परत मिळाले नसते, तर त्यांचे घर लांबले असते, आणि त्याला कारण ठरला असता पास्कूचा हात.

मी तीन दिवस बसून एक निवेदन लिहिले. भाषा उत्तम होती, हे मीच म्हणतो कारण दुसरे कोणी म्हणणार नाही. त्यात असे होते की, पास्कू परेरा हे पर्यटक असून त्यांनी केवळ गंमत म्हणून दोरीला स्पर्श केला, आणि जखमी वृद्धाची दया येऊन स्थानिकांनी त्यांना थोडे मासे भेट दिले. वेळा-तारखांसह सगळे व्यवस्थित. ते घेऊन मी मनोरीला गेलो.

पास्कूचा हात गळ्यात अडकवलेला होता. रोझीबाईंनी निवेदन वाचून दाखवले. त्याने ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "नाय."

"काय नाही?"

"मी सही नाय करणार."

"अरे, तुझा उजवा हात मोडला आहे. डाव्या हाताचा अंगठा चालतो."

"मस्करी करू नको, दळवी. गंमत म्हणून हात लावला? त्या बाजूला एक माणूस कमी होता, म्हणून लावला. आणि दया? दया कुणी केली माझ्यावर? त्यांनी माझा वाटा मला दिला."

"तू वाटा म्हणालास की कंपनी पैसे देणार नाही!"

"मग नको देऊ दे."

"डॅडी, प्लीज," नेल्सन म्हणाला. "एका शब्दाने काय होतंय?"

"एका शब्दाने काय होतंय ते तुलाच ठाव," पास्कू म्हणाला. "तूच हिस्पितलात बोललास ना, पगार दिला म्हणून?"

नेल्सन उठून बाहेर जाऊन बसला. मी मात्र बोललो. पुष्कळ बोललो. मुलाच्या घराचे काढले, सुनेचे काढले, हट्टी म्हणालो. पास्कूने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला त्या हापिसात ने. मी सांगतो काय झालं ते."

अंधेरीच्या कार्यालयात दाव्यांच्या अधिकारी देशमुख मॅडम. पन्नाशीच्या, मूळच्या अमरावतीच्या. समुद्रातले जाळे त्यांनी जन्मात पाहिलेले नव्हते, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. निवेदन माझ्या पिशवीत होते. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

"काका, तुम्ही तिथे काम करत होता का?"

"होय," पास्कू म्हणाला.

मी डोळे मिटले.

"आणि त्याबद्दल मासे मिळाले?"

"मिळाले ना. टोपलीभर. तारली होती, आणि बांगड्याच्या जातीचा एक. ताजा फडफडीत."

"मग तो मोबदलाच झाला ना, काका?"

"नाय. तो वाटा."

"फरक काय?"

"मॅडम, तुमचा पगार कधी होतो?"

"महिना संपला की."

"हापिसात धंदा नाय झाला त्या महिन्यात, तरी होतो?"

"व्हायलाच हवा."

"मग तो पगार. आता बघा. जाळं वर आलं असतं आणि आत नुसतं शेवाळ असतं, तर मला काय भेटलं असतं?"

"काय?"

"शेवाळ."

मॅडम हसल्या, पण हातातले पेन त्यांनी खाली ठेवले नाही.

"मी कुणाला बोललो असतो, माझे पैसे द्या म्हणून? मला कुणी बोलावलं नव्हतं. किती ओढायचं, कवा सोडायचं, कुणी सांगितलं नव्हतं. कंटाळा आला असता तर निघून आलो असतो, कुणी इचारलं नसतं. दोरीला हात लावला त्याला वाटा. एक पोरगी नुसती टोपली धरून उभी होती, तिला पण दिला. ती काय नोकरीला होती?"

"आणि तुम्ही तो घेतला नसता तर?"

पास्कूला हा प्रश्न नवा होता. त्याने विचार केला. "घेतला नसता तर त्यांना वाटलं असतं, हा आपल्यातला नाय."

मी आयुष्यभर कलमे वाचली. नोकरीत मजुरी आणि नफ्यातला वाटा यांतला फरक कितीदा नव्या मुलांना समजावून सांगितला. आणि माझ्या समोर तोच फरक मनोरीचा एक मच्छीमार, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, माझ्यापेक्षा स्वच्छ सांगत होता. ज्याची कोणी हमी दिलेली नाही, जे मागण्याचा कोणाला हक्क नाही, तो कामाचा मोबदला कसा होईल?

देशमुख मॅडमनी फाईल उलटली आणि माझे टिपण बाहेर काढले. "हे तुम्ही लिहिलंय?"

"होय."

"पॉलिसी घेतानाच?"

"घेतानाच."

"म्हणजे हे असं होईल, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मला पास्कू ठाऊक होता," मी म्हणालो. माझ्या धंद्यातले हे माझे सर्वांत चांगले वाक्य असावे, आणि ते ऐकायला तिथे दोनच माणसे होती.

त्यांनी पास्कूचा जबाब शब्दशः लिहून घेतला, शेवाळासकट, आणि वरिष्ठांकडे पाठवला. पंधरवड्याने पत्र आले: मिळालेली मासळी हा वाटा होता, निश्चित मोबदल्याचा करार दिसत नसल्याने ते कलम लागू होत नाही, दावा मंजूर. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मनोरीला गेलो. रोझीबाईंनी पत्र वाचले आणि ओरडून सगळा वाडा गोळा केला. नेल्सनने बापाला उचलण्याचा प्रयत्न केला, तो त्याला झेपला नाही. शेरॉन रडत होती आणि हसत होती. पास्कूने पत्र डाव्या हातात घेतले, उलटे-सुलटे पाहिले आणि मला विचारले, "यात वाटा लिवलंय का?"

"लिहिले आहे."

"मग बरोबर."

ई-मेलांना कंपनी घाबरली नाही. तिने माणुसकीही दाखवली नाही. तिने कलम वाचले, जे तिचे कामच होते. पॉलिसी मी निवडली, हे मी कोणालाही हिरावून घेऊ देणार नाही. पण दावा माझ्या शब्दांनी जिंकला, हे साफ खोटे आहे. माझे शब्द पिशवीतून बाहेर आलेच नाहीत. ते आले असते, तर एका प्रामाणिक माणसाच्या नावावर खोटे नोंदले गेले असते, आणि बहुधा दावाही बुडाला असता. कारण शेरॉनच्या फोटोत पास्कू गंमत करताना दिसत नाही.

अंधेरीहून परतताना रिक्षात मी त्याच्याशी गुडघ्यांविषयी बोललो, औषधांविषयी बोललो. जे बोलायचे होते ते बोललो नाही. मला ते जमत नाही. ते येथे लिहितो. पास्कू, तू बरोबर होतास आणि मी चूक होतो. त्याला हा अंक रोझीबाईच वाचून दाखवतील. त्यांना विनंती की, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचावे.